रात्र कुठे काढायची? नाशिकहून पहिल्यांदा कॅम्पर व्हॅन घेऊन निघणाऱ्यांसाठी

कॅम्पर व्हॅन भाड्याने घ्यायचे ठरले की घरात चर्चा सुरू होते ती गाडीची. एसी आहे का, टॉयलेट आहे का, वरच्या बर्थवर पोरं मावतील का. ही सहा-साडेसहा मीटर लांबीची गाडी रात्री उभी कुठे करायची, हा प्रश्न मात्र थेट संध्याकाळी सात वाजता घोटीच्या चौकात आठवतो. अंधार पडलेला, पोरं भुकेली, फोनची रेंज ये-जा करतेय. मग पेट्रोल पंपाच्या कडेला, ट्रकच्या रांगेत, डिझेलच्या वासात पहिली रात्र जाते. आमची तशीच गेली.

परदेशी व्हिडिओत दिसतात तसे तळ, म्हणजे आखून दिलेली जागा, शेजारी विजेचा खांब, पाण्याचा नळ आणि घाण पाणी ओतायची सोय, आपल्याकडे जवळपास नाहीतच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात कॅराव्हॅन पार्कचा विचारही आहे, पण शुक्रवारी दुपारी गाडी घेऊन निघणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. आपण झोपतो ते कुणाच्या तरी अंगणात. कृषी पर्यटन केंद्राच्या, रिसॉर्टच्या, मळ्याच्या, नाहीतर ढाब्याच्या. म्हणून जागा निवडताना निम्मे काम जमीन ओळखण्याचे आणि निम्मे माणूस ओळखण्याचे. खाली जो क्रम दिला आहे तो आम्ही चार-पाच सहलींत ठेचा खाऊन शिकलो.

आधी मुक्काम, मग रस्ता

पहिल्या सहलीला दोन रात्री घ्या आणि दोन्ही रात्री एकाच जागी काढा. रोज नवी जागा शोधायची हौस दुसऱ्या सहलीपर्यंत राखून ठेवा. व्हॅन हलवायची म्हणजे भांडी बांधा, गाद्या उचला, टाकी भरा, वायर गुंडाळा. त्यात सकाळ जाते.

अंतर कमी ठेवा. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण तीस किलोमीटर, इगतपुरी पंचेचाळीस, नांदूरमध्यमेश्वर चाळीसच्या आसपास, सप्तशृंगी गडाचा पायथा म्हणजे नांदुरी साठच्या आसपास, घोटीमार्गे भंडारदरा सत्तर. नवख्या चालकाला एवढे पुरे. कारने दीड तासाचा रस्ता असेल तर व्हॅनला अडीच तास धरा, आणि चार वाजता जागेवर पोहोचायचे असा हिशेब करून घरून निघा. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. उजेडात बघितली नाही ती जागा बघितलीच नाही, असे मी तरी मानतो.

महिना बघून दिशा ठरवा

नाशिक जिल्ह्यात पूर्व आणि पश्चिम म्हणजे दोन वेगळे मुलूख आहेत. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. निफाड-सिन्नरकडे त्याचा पाचवा हिस्सा पडला तरी खूप. त्यामुळे "पावसाळ्यात व्हॅन नेऊ का?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्या दिशेला नेताय यावर आहे.

जून ते सप्टेंबर त्र्यंबक, पहिने, इगतपुरी, भंडारदरा हा सगळा पट्टा हिरवागार असतो. फोटो तिथलेच येतात, आणि गाड्या फसतात त्याही तिथेच. वारा असा की व्हॅनची बाजूची छत्री उघडायची नाही. शनिवार-रविवारी धबधब्यांकडे जाणारे रस्ते भरून जातात, काही ठिकाणी प्रशासन बंदी आणते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडीच्या धबधब्यावर अचानक पाणी वाढून पर्यटक अडकले होते. ओढ्याच्या पलीकडे गाडी लावायची आणि रात्रीत पाऊस वाढला तर अलीकडे यायचे कसे, याचे उत्तर नसेल तर पलीकडे जाऊ नका. पावसाळ्यात जायचेच असेल तर रिसॉर्टचे सिमेंटचे किंवा पेव्हर ब्लॉकचे पार्किंग शोधा आणि त्याचे पैसे आनंदाने द्या.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा परिसरात काजवे. दृश्य विलक्षण असते, गर्दीही विलक्षण असते. त्या अरुंद रस्त्यांवर रात्री दहा वाजता समोरून गाड्यांची रांग आली की साडेसहा मीटरची व्हॅन मागे घ्यायला जी कसब लागते ती पहिल्या सहलीत नसते. काजवे बघायचे असतील तर व्हॅन गावात मुक्कामाच्या जागीच ठेवा आणि पुढे स्थानिक वाटाड्याबरोबर चालत जा.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. फक्त द्राक्षाचे वेळापत्रक माहीत हवे. ऑक्टोबर छाटणीनंतर दोन-अडीच महिने दिंडोरी-निफाड भागात बागांवर फवारण्या चालू असतात आणि ब्लोअर बहुतेक पहाटे नाहीतर संध्याकाळी फिरतो. बागेच्या बांधाला लागून व्हॅन लावली तर औषधाचा तुषार थेट खिडकीतून आत. जानेवारीच्या मध्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत काढणी. तेव्हा पहाटेपासून ट्रॅक्टर, मजूर, क्रेट. ते बघायला मजा येते, पण साडेपाचला उठायची तयारी ठेवा. निफाडची थंडी तर प्रसिद्धच आहे. पारा एकेरी आकड्यात येतो आणि एखाद्या वर्षी पाच अंशांच्याही खाली. व्हॅनचा पत्रा अशा वेळी फ्रिजसारखा होतो. रजई घरची न्या, भाड्याच्या गाडीतली पातळ असते.

आणि एक तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. त्या काळात नाशिक-त्र्यंबक पट्ट्यात व्हॅनच्या मुक्कामाचा विचारच सोडा, दुसरी दिशा धरा.

कोणाच्या दारात?

नवख्यांनी सुरुवात कृषी पर्यटन केंद्रापासून करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे पाहुण्यांची सवय असते, संडास-बाथरूम असते, जेवण मिळते, अंगण मोठे असते आणि मालक त्याच आवारात राहतो. व्हॅनमध्ये झोपणार म्हटले की आधी चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह येते, "मग खोली कशाला नको?" खोलीचे पैसे नको असतील तर जेवणाचे आणि जागेचे मिळून काय घ्याल ते आधी बोलून घ्या. बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही.

रिसॉर्टमध्ये पार्किंग पक्के, वीज पक्की, पण डीजेही पक्का. शनिवारी लग्न किंवा कंपनीची पार्टी आहे का ते विचारून घ्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने गंगापूर धरणाजवळ गंगावऱ्हे इथे आणि भंडारदऱ्याला जलाशयाकाठी आहेत. जागा दोन्हीकडच्या देखण्या. तिथेही व्हॅनसाठी परवानगी व्यवस्थापकाला फोन करूनच घ्यायची, पोहोचल्यावर गेटवर वाद घालायचा नाही.

ओळखीच्या मळ्यात मुक्काम मिळाला तर त्यासारखे सुख नाही. नाशिककर असाल तर मामाचा, मेव्हण्याचा, ऑफिसातल्या कुणाचा तरी मळा दिंडोरी, निफाड, सिन्नर, चांदवडकडे असतोच. फक्त त्यांना "आम्ही जेवण करून येतो" असे सांगून जाऊ नका. राग येतो त्यांना.

देवस्थानांची भक्तनिवासे त्र्यंबकला आणि सप्तशृंगी गडावर आहेत. आवारात गाडी लागते, पण गाडीत झोपू देतील असे धरून चालू नका. खोली घेणेच बरे. महामार्गावरचा ढाबा ही शेवटची सोय. जेवण तिथेच करायचे, मालकाला विचारायचे, आणि ट्रकच्या मागे न लावता दिव्याखाली, निघता येईल अशी लावायची. पहाटे चारला शेजारचा ट्रक सुरू होतो, त्याला इलाज नाही.

फोनवर बोलताना

"कॅम्पर व्हॅन" म्हटल्यावर समोरच्याला कळतेच असे नाही. आमच्या एका फोनचा मासला:

"दादा, आम्ही गाडीतच झोपणार आहोत. जागा तेवढी हवी."

"म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर का?"

"हो, तशीच. आत पलंग, गॅस सगळं आहे. लांबी एकवीस-बावीस फूट."

"मग या ना! ट्रक येतो आमच्या खळ्यापर्यंत."

हे शेवटचे वाक्य लाखमोलाचे. ट्रक येतो का, एवढे विचारले की रुंदी, वळण, जमिनीचा कस, सगळ्याचे उत्तर एका दमात मिळते. पण वर्षभर येतो का, की फक्त उन्हाळ्यात, हेही विचारा. आणि उंची वेगळी विचारा. ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर केलेल्या व्हॅनवर एसी, सोलर किंवा पेटी असली की ती सहज तीन मीटरच्या आसपास जाते. एका ठिकाणी जागा सुंदर होती, फोनवर सगळे ठरले होते, आणि प्रवेशद्वाराला हौसेने बांधलेली कमान आमच्या छतापेक्षा वीतभर खाली निघाली. मालक म्हणाला, "बाहेरच लावा, काय होतंय!" बाहेर म्हणजे राज्य रस्ता. गाडी मालकाकडून उंचीचा आकडा लिहून घ्या आणि समोरच्या काचेवर चिकटवा. रेल्वेखालचे बोगदे, हाइट बॅरिअर, शिवारातल्या लोंबत्या तारा, आंब्याच्या फांद्या, सगळीकडे तो लागतो.

बाकीचे प्रश्न पटापट: रात्री आवारात कोण असते? गेटला कुलूप लागते का, किल्ली कोणाकडे? संडास वापरता येईल ना? कुत्री मोकळी सोडता का? फोन आटोपल्यावर व्हॉट्सॲपवर जागेचा फोटो आणि लोकेशन मागवा. फोटो ज्या बाजूला गाडी लावायची त्याच बाजूचा हवा, फाटकावरच्या फलकाचा नको.

जमीन ओळखा

सगळ्यात जास्त गाड्या फसतात त्या इथे, म्हणून थोडे सविस्तर.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी असते, भेगा पडलेल्या असतात, आणि ट्रॅक्टर खुशाल पळतो. त्यावर एक जोरदार सर आली की तिचे लोणी होते. तीन-साडेतीन टनांची व्हॅन त्यात उभी राहत नाही, बसते. ऑक्टोबरात दिंडोरीकडे एका मळ्यात आम्ही दुपारी कोरड्या वावराच्या कडेला गाडी लावली. रात्री परतीचा पाऊस झाला. सकाळी मागची चाके निम्मी आत. मी शहाणपणा करून ॲक्सिलरेटर दाबला आणि ती आणखी वीतभर खाली गेली. शेवटी मळ्यातल्या बाबांनी ट्रॅक्टर जोडला, आणि ओढताना एवढेच म्हणाले, "काल खळ्यावर लावायची ना." खळे, म्हणजे मुरूम टाकून धुमसलेली जागा, पंचवीस पावलांवर होते. तिथून द्राक्षाची बाग दिसत नव्हती म्हणून आम्ही वावराकडे गेलो होतो.

तेव्हापासून नियम असा: मुरमाड जमीन, खळे, खडीचे आवार, कोबा. याशिवाय कुठेही लावायचे नाही. शंका असेल तर चालत जाऊन बुटाची टाच जोरात रोवा. टाच रुतली तर गाडी रुतणार. गवत फार हिरवे आणि मऊ दिसले तर खाली पाणी आहे असे समजा. ठिबकची नळी, पाइपलाइन, चारी यांवरून चाक जाऊ देऊ नका. नुकसान शेतकऱ्याचे होते आणि तो संकोचाने बोलतही नाही.

धरणाच्या कडेची जमीन तर वेगळेच प्रकरण. गंगापूर, मुकणे, दारणा, वाघाड, ओझरखेड, वैतरणा, कुठेही जा, पाणी ओसरत जाते तसा काठ उघडा पडतो. वरून पापुद्रा वाळलेला, खाली गाळ. लोक तिथे गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करतात, त्यांच्या बैलांचे पाय बसतात. तिथपर्यंत दुचाकी गेली म्हणून व्हॅन जाईल असे नाही. शिवाय ती जमीन जलसंपदा विभागाची. हटकले तर उठावेच लागते.

नदीकाठ? गोदावरीला पूर आला की नाशिककर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला आले, गळ्याशी पोहोचले, अशी पुराची भाषाच आहे आपली. तरी दर पावसाळ्यात गोदाघाटावर लावलेल्या गाड्या पाण्यात जातातच. शहरात हे, तर धरणाखालच्या गावात रात्री दोन वाजता विसर्ग वाढवला तर व्हॅनमध्ये झोपलेल्याला कोण उठवणार? जून ते ऑक्टोबर नदीच्या पात्रात, पुलाखाली, ओढ्याच्या थडीवर मुक्काम नको.

जमीन पसंत पडली की उतार बघा. फोनमधल्या ॲपपेक्षा मला पाण्याने भरलेली वाटी बरी वाटते. ओट्यावर ठेवली की लगेच कळते. थोडा उतार राहिलाच तर डोके वरच्या बाजूला येईल अशी गाडी वळवा. दोन जाड फळ्या बरोबर ठेवल्या की चाकाखाली घालून पातळी साधता येते, आणि फसल्यावर त्याच कामाला येतात. थंडीत सरकते दार पूर्वेला ठेवा म्हणजे सकाळचे ऊन आत येते. उन्हाळ्यात मोठ्या खिडक्या पश्चिमेला नकोत. सावलीसाठी झाड चांगले, पण वळवाच्या दिवसांत मोठ्या फांद्यांखाली नको, आणि नारळाखाली कधीच नको.

वीज: कोणती लाइन, कोणता सॉकेट

"लाइट आहे ना?" या प्रश्नाला सगळे "आहे" म्हणतात. खरा प्रश्न वेगळा: गावठाणची लाइन की शेतीची? शेतपंपाची थ्री-फेज वीज दिवसातून ठरावीक तासच येते आणि पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. वस्तीवरच्या घराला सिंगल-फेज असते, तिच्यावर दिवे-पंखे चालतात, पण दाब कमी असला तर तुमचा एसी उचलत नाही.

मग सॉकेट. साधा सहा अँपिअरचा पॉइंट साधारण तेराशे वॉटपर्यंत, मोठा सोळाचा साडेतीन हजारांच्या थोडा वर. व्हॅनचा एसी आणि इंडक्शन एकाच वेळी लावले तर छोटा पॉइंट जळतो, आणि तो दुसऱ्याच्या घरातला असतो. चार्जिंग, फ्रिज आणि पंखे यांना छोटा पुरतो. एसी हवाच असेल तर मोठा पॉइंट आहे का ते फोनवरच विचारा. वायर निदान वीस मीटर, अडीच स्क्वेअर एमएमची, तीन पिनची घ्या, आणि वापरताना रिळावरून पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते. टेस्टर बरोबर असू द्या. अर्थिंग नाही असे दिसले तर त्या पॉइंटला गाडी जोडू नका. पत्र्याची गाडी आहे, पाऊस पडतो, पोरं अनवाणी चढतात-उतरतात.

विजेशिवाय एक रात्र निघते का? बारा व्होल्टची शंभर अँपिअर-अवरची साधी बॅटरी असेल तर कागदावर बाराशे वॉट-अवर, पण निम्म्याच्या खाली उतरवू नये. हातात सहाशे. दोन छोटे पंखे रात्रभर तीनशे खातात, दिवे आणि मोबाइल शंभर. फ्रिज चालू ठेवला तर पहाटे पंखे बंद पडतील. एसी? अर्धा तास. लिथियमची बॅटरी असेल तर हिशेब बराच सैल होतो, म्हणून गाडी घेताना बॅटरी कोणती ते विचारा. इंजिन चालू ठेवून झोपायचे नाही, आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घ्यायची नाही. बंद गाडीत धुराचा वायू झोपेतच मारतो. गॅसवर स्वयंपाक करतानाही एक खिडकी उघडी हवी.

पाणी आत, पाणी बाहेर

चौघांना दोन दिवसांसाठी शंभर लिटरची टाकी जपून वापरली तर पुरते, आंघोळ व्हॅनमध्ये केली तर एका सकाळी संपते. आंघोळ यजमानाच्या न्हाणीघरात. पिण्याचे पाणी घरून वीस लिटरच्या जारमध्ये न्या. उन्हाळ्यात टाकी मळ्यातून भरून घेण्याआधी विचार करा. इगतपुरी-त्र्यंबकच्या ज्या वाड्यांना पावसाळ्यात पाणी ओसंडते, तिथे एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात. अशा ठिकाणी "जरा टाकी भरून द्या" म्हणायला जीभ रेटू नये.

वापरलेल्या पाण्याबद्दल बहुतेक जण विचारच करत नाहीत. भांड्याचे-आंघोळीचे पाणी शोषखड्ड्यात किंवा केळी-नारळाच्या आळ्यात, यजमानाला विचारून. टॉयलेटची पेटी मात्र सेप्टिक टँकला जोडलेल्या संडासातच ओतायची, हळूहळू, नंतर पाणी टाकून. उघड्यावर, ओढ्यात, शेतात अजिबात नाही. गंगापूर धरणातलेच पाणी शहरात आपल्या नळाला येते, हे लक्षात असले तरी पुरे. ज्या जागी पेटी ओतायची सोय नाही तिथे व्हॅनचे टॉयलेट फक्त रात्रीच्या अडीनडीसाठी ठेवा आणि दिवसा यजमानाचा संडास वापरा.

बिबट्या आणि बाकीचे शेजारी

निफाड, दिंडोरी, सिन्नर आणि दारणाकाठचा ऊसपट्टा म्हणजे बिबट्याचे घरच. घाबरून घरी बसायचे कारण नाही, पण उसाच्या फडाला लागून मुक्काम नको. संध्याकाळनंतर लहान मुले एकटी गाडीबाहेर नकोत, कुत्रे बरोबर असेल तर ते रात्री आत, आणि मटणाची हाडे अंगणात टाकायची नाहीत. लघुशंकेला उठलात तर दार उघडण्याआधी टॉर्च चारही बाजूंना फिरवा. वन विभागाची हेल्पलाइन १९२६, तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८. तिन्ही नंबर फोनमध्ये घालून ठेवा. साप गवतात असतात तसे गारव्याला गाडीखाली ठेवलेल्या चपलांतही असतात. पादत्राणे आत. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणत्या गावाला आहे तेवढे पोहोचल्यावर यजमानाला विचारून घ्या.

जिथे लावायचीच नाही

कळसूबाई-हरिश्चंद्रगड आणि नांदूरमध्यमेश्वर ही अभयारण्ये, अंजनेरी हे संवर्धन राखीव. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री गाडी लावून झोपायचे नाही. नांदूरमध्यमेश्वर हे तर राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पक्षी बघायला पहाटे जा आणि मुक्काम बाहेर गावात करा. देवळालीकडे लष्करी हद्दीच्या आणि फायरिंग रेंजच्या पाट्या असतात, त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत.

सापुताऱ्याला जाणाऱ्यांसाठी एक खास सूचना. आधी वाइनरी, मग सापुतारा, असा बेत पुष्कळ जण आखतात. सापुतारा गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. कपाटातली ती एक बाटली तुमची सहल नाक्यावरच संपवू शकते. मुक्काम अलीकडे हतगड परिसरात ठेवा, बाटली तिथेच राहू द्या आणि सापुतारा दिवसा बघून या. वाइनरीत चव घेतलेल्याने त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, हे वेगळे सांगायला नको.

भाड्याच्या गाडीबद्दलही जाता जाता: स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खासगी व्हॅन पैसे देऊन घेतली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

पोहोचल्यावर पहिला अर्धा तास

गाडी गेटबाहेरच थांबवा. एक जण उतरून आत जाईल, राम राम करेल, जागा चालत बघेल. वर तारा, खाली जमीन, वळायला जागा. मग मागे कोणीतरी उभे करून, काचा खाली घेऊन, गाडी उलटी आत घ्या. तोंड बाहेरच्या बाजूला हवे. रात्री निघायची वेळ आली तर अंधारात रिव्हर्स मारावा लागत नाही. वाटीने पातळी बघा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. मग वायर, मग पाणी, आणि शेवटी खुर्च्या. लोक खुर्च्या आधी काढतात आणि मग गाडी दोन फूट सरकवायची म्हणून पुन्हा सगळे उचलतात.

जागा बघून मन घेत नसेल, म्हणजे आवारात चार जण पीत बसलेत किंवा मालक फोनवर एक आणि समोर दुसरे बोलतोय, तर चहा घेऊन निघा. चार वाजता पोहोचायचे ते यासाठीच. दुसऱ्या जागेचा नंबर घरूनच काढून ठेवलेला असावा, आणि ती अर्ध्या-पाऊण तासाच्या आतली असावी.

यजमानांना आपण कोण, कुठले ते नीट सांगा, आधारची प्रत मागितली तर द्या. वस्तीवरच्या आजी हमखास विचारतात, "एवढ्याशा गाडीत झोप लागते का गं?" त्यांना आत बोलावून दाखवा. आमच्याकडे आलेल्या एका आजींनी ओटा बघितला, पलंग बघितला आणि म्हणाल्या, "देवघर कुठंय?" त्या रात्री पिठलं-भाकरी त्यांच्याकडून आली.

निघताना

कचरा पिशवीत बांधून नाशिकला परत. वस्तीवर घंटागाडी येत नाही, तुमचे प्लास्टिक त्यांच्या उकिरड्यात राहते. जागेचे पैसे ठरले असतील ते द्या. ओळखीच्या मळ्यात कोणी पैसे घेत नाही, तिथे पोरांच्या हातात खाऊ द्या, किंवा त्यांच्याकडची द्राक्षे, कांदे, भाजी बाजारभावाने विकत घ्या, घासाघीस न करता.

मग गाडीभोवती एक फेरी मारा. छत्री मिटली का, पायरी आत गेली का, चाकाखालच्या फळ्या घेतल्या का, गॅसचा कॉक बंद का, वरची खिडकी लावली का. वायर आधी भिंतीतून काढा, नंतर गाडीतून. मी एकदा ती तशीच ठेवून निघालो होतो. वीस मीटर वायर आणि अर्धा स्विचबोर्ड गेटपर्यंत मागे आला. बोर्ड नवीन बसवून दिला आणि वायरमनला यायला दुपार झाली, तोवर आम्ही तिथेच कांदे निवडत बसलो.